फ्रीजरमधला चीक

मी माझ्या मुलीला जन्मल्या जन्मल्या उपाशी ठेवलं, असं मेलबर्नच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर एका बाईंनी सांगितलं. त्या नात्याने माझ्या जाऊबाई, नवऱ्याच्या चुलतभावाची बायको. पेशाने डॉक्टर, म्हणून सगळा गोतावळा त्यांना डॉक्टरवहिनी म्हणतो. त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. 'आमच्याच घरातली एक मुलगी' एवढंच म्हणाल्या. पण त्या महिन्यात आमच्या घरात बाळंत झालेली मुलगी एकच होती.

मी त्यांना माफ केलेलं नाही. लोक म्हणतात, बाळाकडे बघ, सगळं विसरशील. मी बाळाकडे बघते आणि मला सगळं आठवतं.

मी पत्रकांच्या घरात वाढले. आई पुण्यात बायकांच्या संघटनेचं काम करायची. रेशन, पाणी, हुंडा, दारूचा गुत्ता, जे पेटेल त्याचं पत्रक आधी आमच्या जेवणाच्या टेबलावर लिहिलं जायचं आणि मग त्याच टेबलावर त्याच्या घड्या पडायच्या. मला 'ससा' वाचता यायच्या आधी 'निषेध' वाचता येत होता. ज्या घरात पाण्याच्या टँकरवरसुद्धा कोणी गप्प बसलं नाही, त्या घरातली मुलगी स्वतःच्या दुधावर गप्प बसेल असं कुणाला वाटलं असेल, तर त्यांचा अंदाज चुकला.

आता काय झालं ते सांगते.

गरोदरपणात माझी साखर वाढली. हॉस्पिटलातली मिडवाइफ म्हणाली, अशा आयांच्या बाळांची साखर जन्मानंतर एकदम खाली येऊ शकते, तेव्हा शेवटच्या आठवड्यांत थोडा चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, हाताने काढून, सिरिंजमध्ये भरून फ्रीजरमध्ये ठेव. बाळंतपणाला येताना घेऊन ये. बाळाला लगेच लागलाच तर तुझाच देता येईल. इकडे हे सर्रास करतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. बाळाच्या आधी दूध?

पण आलं. गरम पाण्याने अंघोळ करून बाथरूममध्ये स्टुलावर बसायचं, अंगठा आणि बोटं काळ्या वर्तुळाच्या जरा मागे ठेवून आत, छातीकडे दाबायची, मग एकमेकांजवळ आणायची. ओढायचं नाही. पहिल्या दिवशी नुसता ओलावा. नंतर एक थेंब. हळद घातलेल्या तुपासारखा पिवळा, घट्ट, चमच्यावरून न घसरणारा थेंब. तो सिरिंजमध्ये ओढून घ्यायचा. पेन्सिलीएवढ्या बारीक सिरिंजा. एक भरायला कधी दोन दिवस लागायचे. नवरा वाकून बघायचा.

"हे तर आमच्या लॅबमधलं सॅम्पल वाटतंय."

"तुझ्या मुलीचं पहिलं जेवण आहे. हात धुऊन बोल."

त्या सगळ्या सिरिंजा एका झिपच्या पिशवीत घालून, वर तारखा लिहून मी मटारच्या पाकिटाशेजारी ठेवल्या होत्या. आयुष्यात मी पैसे साठवले नाहीत, साड्या साठवल्या नाहीत. तो चीक मात्र साठवला.

सासूबाई बाळंतपणासाठी पुण्याहून आल्या. त्यांचा एक नियम आहे आणि तो आपल्यातल्या पुष्कळ घरांत आहे: बाळ हातात येईपर्यंत त्याचं काही करून ठेवायचं नाही. झबली शिवायची नाहीत, पाळणा आणायचा नाही. आम्ही बाळाची कॉट आणली होती, तिचा खोका त्यांनी बघितला आणि म्हणाल्या, "उघडू नका हं." मी म्हटलं, बरं. खोका गॅरेजमध्ये तसाच राहिला. लाकडाने वाट बघितली तर बिघडत नाही.

मग त्यांना खोवलेल्या नारळासाठी फ्रीजरमध्ये जागा हवी होती. ती पिशवी दिसली.

"हे काय गं?"

मी सांगितलं. साखर, बाळ, मिडवाइफ, सगळं नीट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पिशवी परत जागेवर ठेवली. मला वाटलं, पटलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी हॉस्पिटलने मला बोलावून घेतलं आणि कळा सुरू करायचं औषध दिलं. मुलगी झाली. तिच्या टाचेला सुई टोचून साखर बघितली. कमी. मिडवाइफ म्हणाली, चीक आणलाय ना? घाईत पिशवी घरीच राहिली होती. नवऱ्याला पाठवलं. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात बर्फ ठेवायची पिशवी होती आणि तिच्यात फक्त बर्फाची वडी.

"नाहीये."

"मटारशेजारी बघितलंस का?"

"बघितलं. आई म्हणतेय, टाकलं."

मी बाळंतिणीच्या खाटेवरून सासूबाईंना फोन लावला. त्यांनी लपवलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगते.

"अगं, पोर जन्मायच्या आधी कुणी त्याचं दूध काढून ठेवतं का? अपशकुन असतो तो. आणि पहिला चीक जड असतो, आम्ही नाही पाजला कुणाला. पण मी मनाने नाही हो टाकला. डॉक्टरला विचारून टाकला."

"कुठल्या डॉक्टरला?"

"कुठल्या म्हणजे? आपल्या. ती म्हणाली, खुशाल टाका काकू, मी आहे ना. आणि बेसिनमध्ये नाही ओतला मी. पायदळी नको यायला. मागे लिंबोणीच्या मुळाशी घातला, पाणी घालून."

भाड्याच्या घराच्या मागच्या अंगणात एक लिंबोणी आहे. तिला माझ्या मुलीच्या आधी जेवायला मिळालं.

मी त्याच वेळी हाताने काढायला बसले. बोटांना सवय होती, पण अंगात काही नव्हतं. थकवा होता, भीती होती आणि राग. रागावर पान्हा फुटत नाही. मिडवाइफने विचारलं, पावडरचं दूध देऊ का? मी एका श्वासात हो म्हटलं. हे वाक्य नीट वाचा. मी हो म्हटलं. माझी मुलगी एक क्षणही माझ्या तत्त्वांसाठी उपाशी राहिली नाही. डब्याशी माझं वैर नव्हतं आणि नाही. डब्याने तिला तारलं. माझं वैर माणसांशी आहे.

तिला नवजात बाळांच्या वॉर्डात नेलं. नळीने आणि बाटलीने पाजलं. परत माझ्याकडे आली तेव्हा तिला बाटलीचं वळण लागलं होतं आणि अंगावर घेतलं की तिला झोप लागायची. तोंड लावायची, दोनदा ओढायची, झोपायची. जागी असली तर पाठीची कमान करून किंचाळायची. माझी बोंडं चिरली. एक मिडवाइफ म्हणायची, असं धर. शिफ्ट बदलली की दुसरी म्हणायची, असं कोण धरतं? मला साखरेच्या त्रासामुळे दूध उतरायला उशीर होईल, असं मात्र दोघीही म्हणाल्या. उशीर झालाच.

घरी आल्यावर आम्ही केमिस्टकडून मोठा पंप भाड्याने आणला. दर दोन-तीन तासांनी मी त्या यंत्राला जुंपून घ्यायचे. आधी बाळ अंगाला लावायचं, मग बाटली, मग पंप, मग पंपाची भांडी धुणं. ते शेवटचं काम नवऱ्याचं. तो बिचारा गोंधळलेला होता, पण भांडी स्वच्छ धुवायचा. सुरुवातीला बाटलीचा तळ झाकेल एवढंही निघायचं नाही. यंत्राची घरघर आणि रिकामं प्लास्टिक. सासूबाई दारातून बघायच्या.

"गोठा केलाय घराचा."

"गोठ्यात बरं असतं, आई. तिथे चीक कुणी फेकत नाही. खरवस करतात."

त्या आत गेल्या. मला हळिवाची खीर मात्र वेळेवर आली. भांडण झालं तरी खीर चुकली नाही, आणि खीर आली म्हणून माझा रागही उतरला नाही. आम्ही दोघी तशाच राहिलो.

मग डॉक्टरवहिनी बाळाला बघायला आल्या. हातात पावडरचा डबा, त्याला रिबन बांधलेली. सोफ्यावर बसल्या, बाळाचं कौतुक केलं, पंपाकडे बघून नाक मुरडलं.

"अगं, कशाला जिवाला त्रास करून घेतेस? नाही येत काही जणींना. तुझी प्रकृती नाहीये तशी."

"वहिनी, चीक टाका असं तुम्ही आईंना सांगितलंत?"

त्या हसल्या. "अगं हो, त्या इतक्या घाबरल्या होत्या! म्हातारं माणूस, अपशकुन वगैरे. म्हटलं, मन राखूया. डिलिव्हरी झाल्यावर ताजं येतंच की."

"आणि तिची साखर?"

"त्याला हॉस्पिटल असतं ना, राणी."

राणी म्हणाल्या मला. स्वयंपाकघरात सासूबाई भांडी लावत होत्या, नवरा शेजारी उभा होता. सगळ्यांनी ऐकलं. मी पंप चालू केला, कारण वेळ झाली होती.

त्याच आठवड्यात तो व्हॉइस मेसेज आला. "नमस्कार मैत्रिणींनो. आजकालच्या मुली यूट्यूब बघून हट्टाला पेटतात. आमच्याच घरातली एक मुलगी, शिकलेली बरं का, अंगावरचंच पाजीन म्हणून अडून बसली. बाळ उपाशी, साखर खाली, स्पेशल वॉर्डात न्यावं लागलं. प्लीज, असा वेडेपणा करू नका. तुमच्या डॉक्टरचं ऐका." खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग. एकीने लिहिलं होतं, 'आई म्हणवून घेतात अशा?'

मी तो नवऱ्याला ऐकवला.

"तिला तसं म्हणायचं नसेल गं."

"मग कसं म्हणायचं होतं?"

"सोड ना. तू लगेच मोर्चा काढतेस."

"काढला नाहीये अजून."

तो भांडी धुवायला गेला. त्या दिवशी त्याने नळ फार मोठा सोडला होता.

आता दोन गोष्टी मला हव्या होत्या. माझी मुलगी माझ्या अंगावर प्यायला हवी होती, आणि तिला कुणी उपाशी ठेवलं ते त्या बायकांसमोर खरं खरं सांगितलं जायला हवं होतं. पहिली गोष्ट माझ्या एकटीच्या हातात नव्हती. ती मुलीच्याही तोंडात होती. मी पंप सोडला नाही. काउन्सिलच्या, म्हणजे इकडच्या नगरपालिकेच्या, नर्सने एक युक्ती सांगितली, मागे रेलून बस, बाळाला पोटावर पालथं टाक, ते आपणहून शोधेल. घरी तसं केलं तर मुलगी माझ्या पोटावर झोपून गेली. दुसरी युक्ती सांगितली, तीही फसली. पण बाटलीतलं माझं दूध हळूहळू वर चढत होतं. तळ झाकला, मग बोटभर, मग एका वेळची भूक भागेल एवढं.

आणि मग एका दुपारी डँडेनॉन्गला, फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानांजवळच्या पार्किंगमध्ये, ते झालं. नवरा मेथी आणि डिंक आणायला दुकानात गेला होता. मी गाडीत मागच्या सीटवर. बाटली घरी राहिली होती, मुलगी भुकेने लाल झाली होती, आणि माझं दूध गळायला लागलं होतं, कुर्ता भिजला होता. मी मागे रेलले, तिला आडवीतिडवी छातीवर टाकली आणि म्हटलं, हे बघ बाई, इथे एवढंच आहे. तिने डोकं दोनदा आपटलं, तोंड मोठं उघडलं आणि धरलं. टोचलं नाही. ओढलं जात असल्याची जाणीव झाली, आणि मग गिळल्याचा आवाज, बारीक, एकापाठोपाठ एक. ट्रॉल्या ढकलत एक पोऱ्या गेला. नवरा मेथीची जुडी घेऊन आला, त्याने काचेतून बघितलं आणि दार न उघडता तिथेच उन्हात उभा राहिला. मी रडले नाही. माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट होती: आता बघतेच त्यांना.

ज्यांना हे ऐकून वाईट वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. दूध आलं म्हणून राग गेला नाही. उलट तोवर तो अर्धपोटी होता, आता त्याला बळ आलं.

जानेवारीत डॉक्टरवहिनींकडे संक्रांतीचं हळदीकुंकू असतं. सगळा ग्रुप जमतो. या वर्षी त्या म्हणाल्या, आपल्या पिल्लूचं बोरन्हाणही माझ्याकडेच करूया. मी म्हटलं, अवश्य, आणि मलाही वाण लुटायचंय. त्या म्हणाल्या, वा, छानच.

आईला पुण्याला फोन केला. आईने सगळं ऐकून घेतलं.

"शिव्या घालू नकोस. शिवी दिसली की वाचणारा सुटतो, तुझ्या शिवीवरच बोलत बसतो. नाव घालू नकोस. मागणी एकच ठेव."

"आणि मथळा?"

"तो तुझा तू शोध. दूध तुझं होतं."

मी मथळा शोधला. 'गाईचा चीक खरवसाला, बाईचा चीक लिंबोणीच्या मुळाला.' त्याखाली चीक हाताने कसा काढायचा ते सोप्या शब्दांत, चित्रासकट, आणि 'आधी तुमच्या मिडवाइफला विचारा' हेही. त्याखाली काय घडलं ते: घरातल्या ज्येष्ठ बाईने विचारलं, डॉक्टर असलेल्या बाईने टाका म्हणून सांगितलं, बाळाला आईच्या संमतीने लगेच पावडरचं दूध दिलं गेलं, आणि नंतर आईने उपाशी ठेवलं असं जाहीर झालं. शेवटी मागणी: ज्यांनी सांगितलं, त्यांनी ते सगळ्यांसमोर कबूल करावं.

एकेका छोट्या पिशवीत एक नवी सिरिंज, तिळाची वडी आणि घडी घातलेलं पत्रक.

इकडे जानेवारीत उन्हाळा, बाहेर अंगाची लाही होत होती. आत एसी. सगळ्या काळ्या साड्यांत. मुलीला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने. बोरं मिळत नाहीत, म्हणून ब्लूबेरी, चुरमुरे आणि मार्शमॅलो तिच्या डोक्यावरून ओतले, आणि बाकीची पोरं "आय वॉन्ट द पिंक वन्स!" करत जमिनीवर तुटून पडली. मुलगी हसली. मीही हसले. मग हळदीकुंकू झालं आणि मी वाण द्यायला उठले. प्रत्येकीला म्हटलं, "तिळगूळ घ्या, खरं बोला."

पहिल्या दोघी-तिघींना वाटलं मी चुकले. मग एकीने घडी उघडली. मग सगळ्यांनीच उघडल्या. कागदांची सळसळ झाली. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

डॉक्टरवहिनींचा चेहरा मी नीट बघून घेतला. घाई केली नाही.

"हे काय आहे?"

"वाण."

"माझ्या घरात येऊन माझा अपमान करतेस?"

"मागणी खाली लिहिलीय, वहिनी. शेवटची ओळ."

त्यांनी आवाज मऊ केला आणि बायकांकडे वळल्या. "अगं, बाळंतपणानंतर मन हळवं होतं, आपण समजून घ्यायला हवं. हा काकूंचा गैरसमज झालाय. मी असं काही म्हटलंच नव्हतं."

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. चष्मा लावून पत्रक वाचत होत्या. शेवटपर्यंत वाचून त्यांनी मान वर केली.

"ज्येष्ठ बाई म्हणजे मी का गं?"

"हो, आई."

"मग सासू लिही की सरळ. सगळ्यांना कळतंयच." दोघी-तिघी हसल्या. त्या हसल्या नाहीत. "मी टाकला चीक. मला आजही वाटतं, पोर यायच्या आधी काढायचा नसतो. ते माझ्यापाशी. पण गैरसमज? मी स्पीकरवर फोन लावला होता. खुशाल टाका काकू, म्हणालीस तू. माझे गुडघे गेलेत, कान नाही गेलेले."

"काकू, मी रोज इतक्या पेशंटना इतकं काही सांगते..."

"मी पेशंट नव्हते. आणि ती तुझ्याच घरातली मुलगी ना? तूच म्हणालीस ग्रुपवर."

मी नवऱ्याला तो मेसेज ऐकवला तेव्हा त्यांनीही तो ऐकला होता, हे मला तेव्हा कळलं.

"बरं, म्हटलं असेन," डॉक्टरवहिनी म्हणाल्या. "झालं समाधान?"

"नाही," मी म्हटलं. "ग्रुपवर सांगा. त्याच आवाजात."

"ते मी करणार नाही."

ज्या बाईने 'आई म्हणवून घेतात अशा?' लिहिलं होतं, ती माझ्यासमोरच बसली होती. ती पत्रकाची परत घडी घालत, कुणाकडे न बघता म्हणाली, "ग्रुप म्हणजे आपणच की. ऐकलं सगळ्यांनी."

तिने माझी माफी मागितली नाही. कोणीच मागितली नाही. एकीने मात्र, जिला सातवा महिना होता, माझ्याकडे बघत हळूच दुसरी पिशवी उचलली.

तेवढ्यात मुलीने तोंड वाकडं केलं. दिवाणखान्यात मधोमध एक सोफा होता, दुधाळ रंगाचा, ज्यावर डॉक्टरवहिनी पोरांना बसू देत नाहीत. "आत बेडरूममध्ये जा हवं तर," त्या म्हणाल्या. मी त्या सोफ्यावर बसले, काळ्या साडीचा पदर सारला आणि तिला घेतलं. तिने लगेच धरलं. दुसऱ्या बाजूने पान्हा वाहायला लागला, साडी भिजली, कुशनवर टपटप पडायला लागलं. ती सावकाश प्यायली, खांद्यावर घेतल्यावर तिने मोठा ढेकर दिला आणि थोडं दूध सोफ्याच्या पाठीवर ओकली.

डॉक्टरवहिनींनी टिशूचा खोका पुढे केला. मी तो घेतला नाही. मी मुलीला दुसऱ्या बाजूला लावलं.